मीटर खोटं का बोलतं?

जुनी गाडी घ्यायची ठरली की मध्यमवर्गीय घरात स्थळ बघायला निघाल्यासारखं वातावरण तयार होतं. ओळखीपाळखीत शब्द टाकला जातो, मेव्हण्याच्या मित्राचा मित्र 'त्या लाइनमधला' निघतो आणि एका रविवारी सकाळी चहा-पोहे आटोपून चौघंजण एका गाडीभोवती प्रदक्षिणा घालू लागतात. एकजण टायरला लाथ मारून बघतो. का मारतो, हे त्यालाही ठाऊक नसतं. दुसरा दार उघडून लावतो आणि आवाज ऐकून समाधानानं मान हलवतो. मग घरातला कर्ता पुरुष काचेतून आत डोकावतो आणि ज्याच्यावर सगळा व्यवहार ठरायचा असतो तो प्रश्न विचारतो, ''किती चाललीय?''

''चाळीसच्या आत साहेब. डॉक्टरची गाडी आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर.''

जुन्या बाजारातली निम्मी गाडी डॉक्टरची असते आणि उरलेली निम्मी निवृत्त बँक मॅनेजरची. एवढ्या गाड्या खरोखरच डॉक्टरांनी वापरल्या असत्या, तर त्यांना नाडी बघायला वेळ मिळाला नसता. पण आपल्याला ते उत्तर आवडतं. आकडा लहान आहे, मालक सज्जन आहे, झालं. आपण खिशात हात घालतो.

माझं म्हणणं असं, की 'किती चाललीय' हा प्रश्नच चुकीचा आहे. आपण तो पहिला आणि शेवटचा म्हणून विचारतो, म्हणूनच आपली फसवणूक होते. हे मत मी पुस्तक वाचून बनवलेलं नाही. या प्रश्नापायी मी एकदा फसलो आहे आणि एकदा दुसऱ्याला फसवता फसवता थांबलो आहे.

अडतीस हजारांची गाडी

१९९८ सालची गोष्ट. घरात पहिलीच गाडी येणार होती. सात वर्षांची पांढरी, छोटी, मीटरवर अडतीस हजार. पतपेढीचं कर्ज काढून घेतली. तिला हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. मे महिन्यात आई, बायको आणि दोन मुलं घेऊन पुण्याहून चिपळूणला निघालो. उंब्रज, पाटण, कोयनानगर, सगळं छान. कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि अर्ध्या उतारावर ब्रेकचं पॅडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणाला दाबलं, तर ते सरळ तळाला गेलं.

मी गाडी दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला चर होता त्यात डावं चाक घातलं. गाडी थांबली. उजवीकडे दरी होती. आईनं मोठ्यानं रामरक्षा म्हणायला सुरुवात केली होती, ती गाडी थांबल्यावरही तिनं पूर्ण केली. धाकटी मागच्या सीटवर झोपलेली होती, तिला जागही आली नाही. त्यानंतर कितीतरी रात्री मला मात्र येत राहिली.

घाटाखालून एक मिस्त्री आला. त्यानं चाक काढलं. ब्रेकपॅड झिजून लोखंडाला लोखंड घासत होतं. ब्रेक ऑइल काळं पडलेलं. त्यानं मला तेव्हा समजावलं ते असं : ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. जुनं झालं की त्यात पाणी साठतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ''दोन वर्षांनी बदलायला पाहिजे भाऊ. हे कंपनीतून आलं तेच असणार.''

मग बॉनेटखाली हात घालता घालता त्याला तारेनं बांधलेला एक काळपट पुठ्ठ्याचा तुकडा सापडला. कुठल्या तरी गॅरेजनं लावलेली ऑइल बदलल्याची चिठ्ठी. तारीख १९९६ ची आणि पेनानं लिहिलेला आकडा ९४,२००.

दोन वर्षांपूर्वी चौऱ्याण्णव हजार चाललेली गाडी माझ्याकडे अडतीस हजारांची होऊन आली होती. पण त्या चरात उभा असताना मला जे कळलं नाही, ते पुढे सावकाश कळलं. घाटात दगा दिला तो चौऱ्याण्णव हजार किलोमीटरनी नव्हे. कधीच न बदललेल्या पावशेरभर तेलानं आणि झिजलेल्या पॅडनी दिला होता. लाखभर चाललेली तीच गाडी नीट राखलेली असती, तर तो घाट हसत उतरली असती.

किलोमीटरसुद्धा सारखे नसतात

इंजिनाची सगळ्यात जास्त झीज कधी होते? गार असताना, सुरू होतेवेळी. तेल पूर्ण फिरलेलं नसतं, गरम झालेलं नसतं. आता दोन गाड्या घ्या. एक रोज सकाळी पुण्याहून निघून द्रुतगती मार्गानं मुंबईला जाते. एकदा सुरू झाली की दोन-तीन तास एका लयीत चालते. क्लच फारसा दाबला जात नाही, ब्रेक मोजके लागतात. दुसरी लक्ष्मी रोडच्या आसपास राहते आणि दिवसाला चार-पाच किलोमीटर फिरते, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, आतला ओलावा तेलातच राहतो, बॅटरी कधी पूर्ण भरत नाही. पहिलीचं मीटर दीड लाख दाखवेल, दुसरीचं तीस हजार. मला विचाराल तर मी दीड लाखवाली आधी बघायला जाईन.

आणि जी गाडी चाललीच नाही ती? तिचे रबरी पाइप कडक होतात, टायर उभ्या उभ्या म्हातारे होतात, उंदीर वायरी कुरतडतात. बारा वर्षांत वीस हजार चाललेली गाडी म्हणजे बारा वर्षं अंथरुणात काढलेला माणूस. त्याची चप्पल झिजलेली नसते, एवढंच.

राखलेली गाडी किती चालू शकते याला जवळपास मर्यादा नाही. अमेरिकेत लाँग आयलंडला अर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी १९६६ साली व्होल्व्हो पी १८०० ही गाडी घेतली आणि २०१३ साली अलास्कात तिनं तीस लाख मैलांचा टप्पा गाठला, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर. २०१८ साली ते गेले, तोवर गाडी त्यांच्याकडेच होती. रहस्य काय, तर पुस्तिकेत लिहिलं आहे ते वेळच्या वेळी करायचं. एवढं लांब कशाला, आपल्या मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी आठवा. २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून उतरली, ती वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. गल्लीबोळांतल्या मिस्त्र्यांनी त्या गाड्या किती वर्षं आणि किती लाख किलोमीटर हाकत ठेवल्या, ते मुंबईकरांना सांगायला नको.

काय बघावं?

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा मीटर शेवटी बघा. आधी मालक बघा. सर्व्हिसिंगच्या पावत्या आहेत का, असं विचारा आणि त्याचा चेहरा बघा. ज्यानं पावत्या जपल्या, त्यानं गाडी जपलेली असते. फाइल ही गाडीची पत्रिका. इथे छत्तीस गुण जुळायला नकोत, पण पत्रिकाच नसेल तर दोनदा विचार करा.

आदल्या दिवशी सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर काहीतरी झाकायचं आहे. गार इंजिन पहिल्या फटक्यात सुरू व्हायला हवं. धूर बघा. निळसर असेल तर इंजिन ऑइल खातंय. काळा असेल तर डिझेल-पेट्रोल नीट जळत नाही. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते ती चालेल, पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत शिरतंय, लांबूनच नमस्कार करा. ऑइल भरण्याचं झाकण उघडून आतून बघा. ताकासारखा फेस असेल तर तेलात पाणी आहे. थोडासा असेल तर नुसत्या गावातल्या गावात फिरवल्यामुळेही असतो, पण आपल्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मीटर फिरवता येतं. जुनं काट्याचं फिरायचं, आताचं इलेक्ट्रॉनिकही वायर जोडून बदलता येतं. पण सगळी गाडी फिरवता येत नाही. पॅडलचं रबर, स्टिअरिंगवरची गुळगुळीत जागा, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड या गोष्टी खरं बोलतात. तीस हजारांच्या गाडीत पॅडलचं रबर झिजून चकचकीत झालं असेल, तर दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी वाचा. बॉनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल, तर ते कधीतरी उघडलेले आहेत. का, ते विचारा.

पुराच्या गाडीची धास्ती आपल्याला असायलाच हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात पाणी दारात उभं राहिलं. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या गावच्या बाजारात जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळाची रेघ राहिलेली असते. डिकीत स्टेपनीच्या खाली हात घाला. गालिचा उचलून वास घ्या. अत्तराचा घमघमाट असेल तर आणखी खोल वास घ्या.

नंतर चालवून बघा, आणि फक्त सोसायटीला चक्कर मारून नव्हे. तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालत असताना ॲक्सिलेटर दाबा. इंजिन ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही, तर क्लच प्लेट गेली. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का बघा. रेडिओ बंद ठेवा. विकणारा हमखास लावतो.

डिझेल घेत असाल तर वापर विचारा. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब पळावी लागते. नुसती गावात फिरलेली असेल तर तो तुंबतो आणि त्याचा खर्च जबर असतो. इथेही पुन्हा तेच, जास्त चाललेली बरी!

कागद हा गाडीचाच भाग

गाडी पसंत पडली म्हणजे झालं असं नाही. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा. कर्ज होतं का? असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. दंडाची चलनं, विमा, पीयूसी हे सगळं आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं. विकत देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात आणि आपण चहा पिऊन मोकळे होतो. सह्या करून कागद एजंटाच्या बॅगेत सहा महिने पडून राहणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की अपघाताच्या वेळी नोंदणी ज्याच्या नावावर, नुकसानभरपाईच्या कायद्यासाठी मालक तोच. म्हणजे गाडी तुम्ही तीन वर्षांपूर्वी विकली असली, ती चार हातांतून फिरली असली, तरी नोटीस तुमच्या दारी. म्हणून विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत नाव चढवायचं. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना परिवहन खात्याचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. डीलरकडे गाडी सोपवली की तसं खात्याला ऑनलाइन कळवण्याची सोयही आहे. ती वापरा, संकोच नको.

घरी आणल्यावर

इथे बहुतेक कुटुंबं चुकतात. सगळी शिल्लक खरेदीत घालतात आणि उरलेल्या पैशांत सीट कव्हर आणि स्पीकर घेतात. माझा हिशेब असा, की किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी. पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल हे सगळं बदलून टाकावं, मालक काहीही सांगो. इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे की चेन, ते पुस्तिकेत बघावं. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर तो बदलला नाही असं धरावं. पुष्कळ इंजिनांत तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं. एप्रिल २०२३ च्या आधीची पेट्रोल गाडी असेल, तर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केटं दर सर्व्हिसिंगला डोळ्याखालून घालावीत.

आणि एक दहा रुपयांची वही किंवा फाइल करावी. तारीख, किलोमीटर, काय केलं, पावती. बस.

माझी पाळी

आता दुसरी गोष्ट. ही सांगताना थोडं अवघडल्यासारखं होतं.

आमची २०१३ ची डिझेल गाडी गेल्या वर्षी विकायला काढली. मीटरवर १,७८,०००. आई चिपळूणला होती तोवर महिन्यातून दोनदा त्याच घाटातून फेऱ्या झाल्या होत्या, आकडा त्यामुळे वाढलेला. गाडी उत्तम होती. प्रत्येक पावती फाइलला होती आणि ब्रेक ऑइलच्या बाबतीत तर मी सोवळं पाळल्यासारखा वागत होतो. पण जो येई तो काचेतून डोकावे, आकडा बघे आणि ''कळवतो'' म्हणून निघून जाई. फाइल उघडायलासुद्धा कुणी तयार नव्हतं.

शेवटी एक एजंट आला. भला माणूस, बोलायला गोड. म्हणाला, ''साहेब, गाडी एक नंबर आहे. फक्त मीटर आडवं येतंय. रात्रीत पंचाऐंशी करून देतो. साठ हजार जास्त येतील. सगळेच करतात.'' वर म्हणाला, ''आणि त्या जुन्या पावत्या तेवढ्या फाडून टाका.''

मी नाही म्हणालो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी ''उद्या सांगतो'' म्हणालो. साठ हजार रुपये काही लहान रक्कम नाही. रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. ताट उचलताना एवढंच म्हणाली, ''कुंभार्लीत आपल्याला गाडी देणाराही असंच जेवत बसला असेल ना एखाद्या रात्री?''

मी एजंटाला फोन करून नको म्हणून सांगितलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय. मीटर फिरवणारा गुन्हेगार आहेच. पण त्याला हे काम देतो कोण? खरा आकडा दाखवणाऱ्याला आपण दारातून परत पाठवतो आणि खोटा दाखवणाऱ्याला वर साठ हजार बक्षीस देतो. खरं बोलणाऱ्याला दंड आणि खोट्याला बक्षीस असं ज्या बाजारात आहे, तिथे मीटर खोटं बोलणारच.

यावर उपाय नाही असं नाही. बेल्जियममध्ये २००६ पासून 'कार-पास' नावाची पद्धत आहे. गाडी गॅरेजात गेली की किलोमीटरचा आकडा एका मध्यवर्ती नोंदीत जातो आणि विकताना तो दाखला घेणाऱ्याच्या हाती द्यावाच लागतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळचे आकडे कुणालाही बघता येतात. आपल्याकडेही सर्व्हिसिंग, विमा, पीयूसी अशा निमित्तानं गाडी वर्षातून दोन-तीनदा कुणाच्या तरी डोळ्यांखालून जाते. त्या त्या वेळचा आकडा एका ठिकाणी साठून घेणाऱ्याला दिसू लागला, तर मीटर फिरवण्यात अर्थच उरणार नाही. सरकारनं हे करावं. पण ते होईपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे आपला पहिला प्रश्न बदलणं. 'किती चाललीय' ऐवजी 'कशी राखलीय' असं विचारायला लागू.

आमची गाडी अखेर एका तरुण शिक्षकानं घेतली. बायको आणि दोन वर्षांची मुलगी बरोबर होती. मीटर बघून तोही थबकला. मग म्हणाला, ''काका, फाइल बघू?'' अर्धा तास पानं उलटत बसला. एका पानावर बोट ठेवून विचारलं, ''ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी?'' मी म्हटलं, ''हो.'' का, ते सांगितलं नाही. लहान मूल समोर होतं. एजंटानं दाखवलेल्या किमतीपेक्षा साठ हजार कमी आले.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. तो म्हणाला, ''काका, फाइल भरली. नवी करू, की हिच्यातच पानं घालू?''